मुकुंदवाडीच्या पाण्याची रील

गेल्या मंगळवारी रेडिओवरचा सकाळचा शो संपवून हेडफोन काढत होते, तेवढ्यात स्टुडिओचा लँडलाइन वाजला. हल्ली तो वाजतच नाही, त्यामुळं आवाज कसला तेच क्षणभर कळेना…

पलीकडं मुकुंदवाडीच्या एक मावशी होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मंगळवारी पाणी येणार म्हणलात ना तुम्ही? कामावर खाडा करून बसले सकाळपासून. नाय आलं."

मी गोंधळले. धरण आटत चाललंय, शहर मात्र चारी बाजूंनी वाढतंय, आणि नळाला सध्या आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. कुठल्या भागाला कधी, ते शोमध्ये मीच सांगते… पण त्या भागात पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन करून, खात्री करूनच. बिचारे वैतागतात. एकानं माझा नंबर 'पाणीवाली मॅडम' म्हणून सेव्ह केलाय. त्या सकाळच्या यादीत मुकुंदवाडी नव्हतीच.

कुठं ऐकलंत, असं विचारलं.

"मोबाईलमधी. पोरीनं दाखवलं. तुमचंच तोंड हाय."

तीन आठवड्यांपूर्वीची रील होती ती.

थोडं मागचं सांगायला हवं. आमच्याकडं यंदापासून कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना आवाज, उच्चार, लिहिणं यातलं काही बघत नाहीत, फॉलोअर्स बघतात. फॉलोअर्स बघूनच घेतलेली नवीन मुलगी त्याआधी एकदाही माइकसमोर बसली नव्हती. तिचा राग नाही, कष्टाळू आहे ती… कॅमेऱ्यासमोर मी अडखळते, ती नाही. पण सहा वर्षं जे जीव लावून शिकले, ते आता कुणालाच नकोय, हे रोज थोडं थोडं कळत जातं.

म्हणून मीही पाण्याची रील केली. त्यात तारीख नीट सांगितली होती. आमचे सर म्हणाले, तेवढी काप, तारखेनं रील लवकर शिळी होते.

मला ते खटकलं होतं. बाबांच्या बदल्यांमुळं चौथीपर्यंत आईनंच मला घरी शिकवलं, आणि तारीख घातल्याशिवाय तिनं वहीचं पान कधी सुरू करू दिलं नाही. तरीही मी तारीख कापली, नुसता 'मंगळवार' राहिला. व्ह्यूज हवे होते मला. खोटं कशाला बोलू…

रेडिओवर चुकलं तर पुढच्या गाण्यानंतर दुरुस्त करता येतं. रील मात्र माझ्या माघारी फिरत राहिली. माझी सगळ्यात जास्त बघितली गेलेली रील.

मी मावशींची माफी मागितली. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रोजचा ओळखीचा आवाज, म्हणून इश्वास ठेवला." आणि फोन ठेवला.

रील डिलीट करते म्हटल्यावर सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली. "पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे. तुझ्याकडं दाखवायला तेवढंच आहे." ओरडले नाहीत, माझ्या भल्यासाठीच सांगत होते… तेच जास्त लागलं. मी त्यांच्यासमोरच डिलीट केली.

दुसऱ्या दिवशी ऑन एअर चूक कबूल केली. एकही फोन आला नाही. शिव्या द्यायलासुद्धा नाही.

काल रिव्ह्यू झाला. पुढच्या महिन्यापासून सकाळचा शो त्या मुलीकडं जाणार आहे. माझं काय, तर 'बघू' म्हणालेत.

आणि आज आमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच रील आली. कुणीतरी डाउनलोड करून ठेवलेली असणार. खाली दोघांनी थँक्यू लिहिलं होतं…

म्हणून ही पोस्ट. ती रील दिसली तर कृपा करून पुढं पाठवू नका. ती जुनी आहे, आणि तिच्यातली तारीख मीच काढली आहे.

त्या मावशींना मात्र हे कसं कळवू… आमच्या लँडलाइनवर नंबर दिसत नाही. लाइनमनला दहा वेळा विचारून खात्री करणारी मी, त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कामाचा दिवस बुडालेला असताना त्यांनी मला फोन करून सांगितलं तरी. त्याचे आभार कुणाच्या नावानं मानायचे, तेही मला माहीत नाही.