वाल्कोवा बाई खुर्ची सोडतात

वाल्कोवा बाईंनी नगरपालिकेच्या संगणकाची किल्ली चोरली, ही बातमी मला पोदलेसी गावात एकाच सकाळी तीन ठिकाणी मिळाली: बेकरीत, बसथांब्यावर आणि आमच्याच स्वयंपाकघरात. बेकरीतल्या बातमीत तर बाईंनी खिडकीतून उडी मारली होती. बाई बासष्टच्या. गुडघ्यामुळं शाळेचा जिना खेकड्यासारखा आडवा उतरतात. मी तसं म्हटल्यावर बेकरीवाल्या मावशी काउंटरवरून पुढं वाकल्या. "अगं वेंदुला, मग तो गुडघा गेला कशानं, असं वाटतं तुला?"

खरी गोष्ट नेमकी उलटी. किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हेच, पासवर्ड. तो टाकला की संगणक कशालाच नाही म्हणत नाही. तो बाईंना नगरपालिकेनंच दिला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. आणि बाईंनी तो चोरला नाही, परत केला. बंद पाकिटात घालून, पाकीट नासपतीच्या फ्रगालवर ठेवून. फ्रगाल ही आमच्याकडची परातीएवढी गोड भाकरी, ती चौकातल्या सगळ्यांना दिसली. पाकीट कुणाला दिसलं नाही. बाई नगरपालिकेत गेल्या, तासाभरानं तिथले इंजिनियर कुबान लालबुंद होऊन बाहेर आले, एवढंच चौकानं पाहिलं. बाकीचं चौकानं रचलं. कुबान लाल झाले होते ते दोन तुकडे जास्त खाल्ल्यामुळं.

बाई आम्हाला गणित आणि संगणक शिकवतात. दर नोव्हेंबरात एका शनिवारी आमच्या शाळेत प्रोग्रॅमिंगची स्पर्धा असते, आजूबाजूच्या अकरा शाळांची मुलं येतात. ही स्पर्धा बाईंनी सुरू केली. मुलं प्रोग्रॅम लिहितात आणि 'तपासनीस' नावाचा एक प्रोग्रॅम ते चालवून गुण देतो. पण पोरं काय लिहितील त्याचा नेम नाही. एकदा एका बहाद्दराचा प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रती काढत सुटला आणि यंत्र घामाघूम झालं. म्हणून प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळ्या बंद कंटेनरमध्ये चालतो. आम्ही त्याला डबा म्हणतो. हे डबे बनवायचे, चालवायचे आणि शेवटी मोडायचे, हे काम करणारं एक इंजिन असतं. आमचं जुनं इंजिन मास्टर किल्ली हातात मिळाल्याशिवाय जागचं हलत नव्हतं. भानगड तिथंच होती.

इंजिनियर कुबान नगरपालिकेत उन्हाळ्यात नवीन आले. सप्टेंबरात ते आमच्या वर्गात आले, टाय सारखा केला आणि नाकातून म्हणाले, "तत्त्वतः माझा स्पर्धेला विरोध नाही. तत्त्वतः मला मुलं आवडतात."

"कुठली?" बाईंनी विचारलं.

"अं... सगळी. पण बाई, ज्या यंत्रावर मुलांचे प्रोग्रॅम चालतात, त्याच यंत्रावर गावाची पाणीपट्टी आहे. दफनभूमीची नोंदवही आहे. एखादं पोरगं डब्यातून निसटलं आणि त्याच्या हाती ती किल्ली लागली, तर उद्या तुमच्या आजोबांची जागा दुसऱ्याच्या नावावर!"

"माझे आजोबा हलायचे नाहीत. जिवंतपणीही कुणी हलवले नाहीत."

वर्ग हसला. कुबान हसले नाहीत. "नोव्हेंबरपासून किल्लीवर चालणारं सगळं बंद. स्पर्धा झ्लीन शहरात न्या. तिथं सोय आहे."

वरच्या वाड्यांतून शनिवारी पहिली बस निघते आठला. ती मुलं नऊच्या स्पर्धेला झ्लीनला पोचणं शक्यच नाही. आणि बाई येत्या जूनमध्ये निवृत्त होणार. यंदा स्पर्धा गेली की ती कायमची गेली, हे मागच्या बाकावरच्यांनाही कळत होतं.

बाईंनी पेन टकटकवलं. "म्हणजे असं बघा, साहेब. तुमचं बरोबर आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य बाईंच्या तोंडून शाळेत कुणी ऐकलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनीसुद्धा नाही.

किल्ली न मागणारं एक नवं इंजिन होतं, फुकट मिळणारं. साधा माणूस आपल्या साध्या अधिकारात त्यावर डबे चालवू शकतो. अडचण एकच: तपासनीसाला त्या इंजिनाशी बोलता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये एक प्लगइन लागणार होतं, भांडलेल्या दोन घरांमध्ये निरोप्याचं काम करणाऱ्या पोरीसारखं. तपासनीस म्हणतोय डबा बनव, बनवला. चालू कर, केला. काय चाललंय विचार, विचारलं. पुरे झालं, मोड. एवढी चार वाक्यं इकडून तिकडं न्यायची. जगात कुणी ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी लिहायला घेतलं, आणि त्याच आठवड्यात किल्ली फ्रगालसकट परत करून आल्या.

"आधी लिहून तर व्हायचं होतं, बाई!" मी म्हटलं. "जमलं नाही तर?"

"म्हणजे असं बघ, वेंदुला. किल्ली खिशात असली की माणूस पहिल्या अडचणीला तीच काढतो. पटलं? नाही पटलं तरी लिही."

हे बाईंचं पेटंट वाक्य. मी ते इतकं हुबेहूब म्हणते की एकदा माझ्या आवाजावर अख्ख्या नववीनं वह्या काढल्या होत्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्लगइन तयार झालं. बाईंनी मागच्या वर्षांचे शंभर प्रोग्रॅम तपासनीसाच्या तोंडी दिले. डबे उघडले, चालले, मोडले, गुण आले. आम्ही बाकं बडवली. बाई लॉगआउट करून घरी गेल्या, आणि सकाळी येऊन बघतात तर तपासनीस आडवा, रात्रभर चालायला ठेवलेले सगळे डबे मेलेले. बाईंनी खुर्चीत बसून पुन्हा चालवलं. सगळं ठणठणीत. घरी गेल्या, पुन्हा सुतक.

"बाई बघत असल्या की सगळं सुरळीत," मी म्हटलं. "अगदी आमच्या वर्गासारखं."

बाई हसल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. त्यांनी प्लगइन मुळापासून पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. जगभरातले लोक अशा अडचणी मांडतात त्या पानावर विचारलं, तर पोर्तुगालच्या कुणीतरी उत्तर दिलं, 'माझ्याकडे चालतं.' बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "याचं अभिनंदन." स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. कुबान रोज दाराशी येऊन "तत्त्वतः काय प्रगती?" म्हणून जायचे. बाईंना एक सोपा उपाय होता: स्पर्धेच्या दिवशी नऊ ते एक खुर्चीत बसून राहायचं. पण कुबानना तो चालत नव्हता, आणि खरं तर बाईंनाही. जूननंतर त्या खुर्चीत बसणार कोण?

त्या शनिवारी बाई गावच्या भट्टीवर नंबर लावायला गेल्या. बाईंची चार प्लमची झाडं आहेत. आमच्याकडे प्रत्येक घर आपापली प्लम पिंपात आंबवतं आणि भट्टीवर त्यांची दारू गाळून आणतं. एकाचं पिंप दुसऱ्यात मिसळायचं नाही, हा धर्म. मीही होते, आमचं पिंप ढकलायला. भट्टी चालवतात ओर्साग काका. ते अर्धीच वाक्यं बोलतात, उरलेलं समोरच्यानं भरायचं.

"वाल्कोवा. दोन पिंपं. तारीख..." काकांनी वही चाळली. "सोळा नोव्हेंबर. दहाला. पुढं सगळं..."

"सोळाला स्पर्धा आहे, ओर्साग. तारीख बदल."

"तारीख बदलायची म्हटली तर पुढचे बावीस जण मला..." काकांनी स्वतःचा गळा दाखवला.

"मग पिंपं पाठवते. मी नसले तर चालेल ना?"

"मालक निघून गेला की मी खालचा जाळ काढतो. नियम. नाहीतर उद्या म्हणाल ओर्सागनं माझ्या मालात..." काकांनी वही पुढं सरकवली. "पण इथं लिहून द्या, 'मी गेले तरी चालू ठेव'. सही करा. मग नाही काढत. एवढं सोपं, पण कुणी विचारतच..."

बाईंच्या हातात चरबी आणि कांदा लावलेला पाव होता. तो त्यांनी हळूच वहीवर ठेवला.

"ओर्साग," त्या म्हणाल्या, "तू मूर्ख नाहीस."

"काय?"

बाई निघाल्यासुद्धा. आडव्या चालीनं इतक्या वेगात जाताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पाव काकांनी खाल्ला.

गंमत अशी होती: जुन्या इंजिनाची मालकी यंत्राकडेच होती, त्यामुळं ते कुणाची वाट बघत नसे. नवं इंजिन साध्या माणसाच्या नावावर चालतं. तो माणूस लॉगआउट करून उठला की यंत्र त्याच्या मागचं सगळं आवरून टाकतं, खालचा जाळ काढतं. प्लगइनमध्ये चूक नव्हतीच. 'मी गेले तरी चालू ठेव' असं यंत्रात बाईंच्या नावापुढं एकदा लिहायला हवं होतं. एक ओळ. ती कुबाननी लिहायची. त्यांनी ती चारदा वाचली, दोन दिवस तिच्यात धोका शोधला आणि शेवटी म्हणाले, "तत्त्वतः... चालेल." मग बाईंनी प्लगइनलाही शिकवलं: सुरू होतानाच नावापुढं ती ओळ आहे का बघ, नसेल तर साध्या शब्दांत तसं सांग आणि काम घेऊच नको. पोर्तुगालवाल्यासाठी तळटीपही लिहिली: 'तुमच्याकडे चालतं, कारण तुम्ही खुर्चीतून उठत नाही.'

राहिला तारखेचा प्रश्न. सोळाला नऊ वाजता स्पर्धा, दहाला भट्टी. शुक्रवारी मी बाईंना म्हटलं, "पैज लावते बाई. उद्या तुम्ही ओर्साग काकांच्या वहीत सही कराल आणि इथंच खुर्चीत बसाल."

"आणि हरलीस तर?"

"म्हणाल ते."

बाईंनी पेन टकटकवलं. "तू माझी नक्कल करतेस म्हणे. पाठीमागं. हरलीस तर समोर करायची."

शनिवारी त्रेचाळीस मुलं आली, वरच्या वाड्यांची सगळ्यांत आधी. कुबान दुसरा टाय घालून हजर. नऊला स्पर्धा सुरू झाली. साडेनऊला बाईंनी सगळ्यांदेखत लॉगआउट केलं, खुर्ची आत सरकवली आणि कोट चढवला.

कुबानचा आवाज नाकातून थेट घशात आला. "बाई! कुठं निघालात?"

"भट्टीवर."

"आणि इथं काही झालं तर?"

"तुम्ही आहात ना. काही होणार नाही, पण झालंच तर पडद्यावर साध्या शब्दांत लिहून येईल."

मी दारापर्यंत धावले. "बाई, वहीत सही करून चाललं असतं की! पिंपं काकांनी सांभाळली असती!"

"म्हणजे असं बघ, वेंदुला. मी लिहिलेल्या प्लगइनवर माझा भरवसा आहे. ओर्सागवर नाही."

एक वाजता मी धापा टाकत भट्टीवर पोचले. बाई स्टुलावर बसून नळीखाली पडणाऱ्या धारेकडे वर्गाकडे बघावं तशा बघत होत्या. भोवती आठ-दहा मंडळी, बेकरीवाल्या मावशीसुद्धा.

"किती डबे मेले?" बाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"एकही नाही. एक हजार दोनशे सहा चालले. कुबान म्हणाले, पुढच्या वर्षीही इथंच. 'तत्त्वतः' न लावता म्हणाले."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग त्या स्टुलावर माझ्याकडे वळल्या आणि हाताची घडी घातली. "हं. कर."

सगळ्यांसमोर मी ओर्साग काकांचं पेन घेतलं, टकटकवलं, मान तिरकी केली आणि म्हटलं, "म्हणजे असं बघा. पटलं? नाही पटलं तरी लिहा."

भट्टी हसून हसून लोळली. बेकरीवाल्या मावशींना ठसका लागला. बाई मात्र गंभीर.

"आवाज ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पेन तीनदा टकटकतं. तू दोनदा केलंस. पुन्हा."