लाल कोटातला हलगीवाला

मधू जाधव कॅनडाच्या रक्षणासाठी धारातीर्थी पडला. दर उन्हाळ्यात एकदा, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. मग कपड्यांवरचं गवत झटकून तो आमच्याकडे आइस्क्रीम खायला येई. खरा गेला तो या फेब्रुवारीत, मिसिसागाच्या हॉस्पिटलात. वहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. "भावजी, गेले हो हे," एवढंच म्हणाल्या... मी उरलेला बर्फही काढला. दुसरं काय करावं ते सुचेना.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकनांशी लढलेल्या इथल्या गावकरी शिपायांच्या लढाईचा खेळ दर वर्षी एका मैदानावर मांडला जातो. तंबू, लोकरीचे लाल कोट, बासऱ्या, ड्रम. आणि ऐन जुलैत घामाघूम होऊन इतिहास जगणारे अकाउंटंट. ज्या साम्राज्याने आपल्याला दीडशे वर्षं नाचवलं त्याचाच कोट सातारच्या माणसाने हौसेने अंगात घालावा, यावरून मी त्याला पुष्कळ बोललो. "कोटाशी मला काय करायचंय," तो म्हणे, "ड्रम मिळतोय ना."

शेवटच्या संचलनात ड्रम वाजवायचा, एवढीच त्याची इच्छा. अडचण अशी, की शाळेत तो लेझीमला हलगी वाजवायचा, आणि लेझीमला दर फेरीला लय वाढवावी लागते. ती सवय मनगटातून जाईना. पहिल्याच वर्षी सगळी पलटण मैदानाच्या टोकाला धावत पोचली. पथकाचा सार्जंट डग, एक निवृत्त शिक्षक, धापा टाकत म्हणाला, "मॅडू, दिस इज अ मार्च, नॉट अ फायर ड्रिल." आणि हातात बंदूक देऊन त्याने मधूला मरणाऱ्यांत टाकलं.

"बरंय," मधू मला म्हणाला, "मरायला टेम्पो लागत नाही."

पुढे पोटाचा कॅन्सर निघाला, तोही पसरल्यावर. गेल्या उन्हाळ्यात डगने आपणहून त्याच्या गळ्यात ड्रम अडकवला. मी प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभा होतो. मधूने सगळं संचलन घड्याळासारखं वाजवलं. एकही ठोका पुढे नाही. डगचे डोळे भरून आले. "परफेक्ट, मॅडू. फायनली."

परतताना गाडीत मधूने सीट मागे टाकली. मग म्हणाला, "वाढवायचीच होती रे लय. ठरवून आलो होतो. म्हटलं, आता कोण काय करणार आहे मला... पण हातच उचलेनात."

"छान झालं पण," मी म्हणालो.

"छानच झालं. तेच तर."

परवा वहिनींकडे गेलो होतो. पथकाच्या वार्तापत्रातलं कात्रण त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय. लाल कोटातला मधू, आणि खाली लिहिलंय : अत्यंत शिस्तबद्ध वादक, लय कधीही न सोडणारा.

"यांच्याबद्दलच आहे ना, ते बघायला दोनदा वाचलं," वहिनी म्हणाल्या.

त्याच मॅग्नेटखाली, बर्फ सरल्यावर गाडीचे विंटर टायर काढून घेण्याच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी आहे. ती मधूच्या नावावर आहे.