पक्क्या नसा

विमानतळाजवळच्या द्वारकेतली आमची सोसायटी नवी होती तेव्हा डोक्यावरून विमान गेलं की सगळेच दचकायचे. शेजारचे गृहस्थ मात्र कधीच नाही. हॉस्पिटलात मेंदू तपासायचं मशीन चालवायचे ते.

"वहिनी, स्वभाव-बिभाव काही नसतो. कुणाच्या नसा पक्क्या, कुणाच्या कच्च्या. हिच्या कच्च्या, माझ्या बिल्कुल पक्क्या." असं बोलत ते बाल्कनीत बायकोच्या हातावर हात ठेवून बसलेले असायचे.

ती गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. जिन्यात बायका म्हणाल्या, "दगड आहे मेला." मीही मान डोलावली.

तेराव्यानंतर मी डबा घेऊन गेले. बाल्कनीत अजून दोन खुर्च्या होत्या. बोलता बोलता ते एकदम थांबले आणि त्यांनी रिकाम्या खुर्चीचा हात घट्ट धरला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने लांबवर घरघर सुरू झाली, मग खिडकीच्या काचा थरथरल्या.

म्हणजे इतकी वर्षं विमान आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांनाच ऐकू येत होतं.

आवाज विरल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

"हिच्या नसा कच्च्या होत्या ना," ते म्हणाले.