दोषारोपपत्रातलं पहिलं नाव

नोकरीत किती गुन्हे बघितले त्याची गिनती माझ्याकडं नाही. बरेचसे विसरलो. पण पतसंस्थेच्या अध्यक्षाचा गुन्हा काही केल्या डोक्यातून जात नाही. अजून कधी सकाळी दाढी करताना मधेच आठवतो आणि हात थांबतो.

आधी माझं सांगतो. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून उतरलो. मधल्या पायऱ्या कुणाच्या चिठ्ठीवर चढलो नाही. लोक शेवटपर्यंत मला जमादारच म्हणत आले, त्याचं मला वाईट वाटलं नाही. लिहिणं माझं बेताचं, पण माझ्या ड्युटीची नोंद स्टेशन डायरीत करायची राहिली असं कधी झालं नाही. शिकलेले लोक हसायचे. हसू द्या.

आता गुन्हा. हा अध्यक्ष मूळचा तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका गावचा. आधी बँकेत अधिकारी होता. नोकरी सोडून त्यानं जुन्या जालन्यात पतसंस्था काढली, ती चालली, नाव झालं. नाव झालं की माणसाला निवडणूक सुचते. हा विरोधी पक्षातून उभा राहिला, सभांमधून सत्तेवरच्यांना नाव घेऊन बोलला आणि थोडक्यात पडला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तो दुबईला मेव्हण्याकडं गेला. तो तिकडं असतानाच इकडं संस्थेच्या उपाध्यक्षानं फिर्याद दिली. म्हणणं असं, की अध्यक्षानं खोट्या नावांवर मोठमोठी कर्जं मंजूर करून पैसा खाल्ला. ठेवीदारांनी संस्थेपुढं गर्दी केली. अध्यक्ष परत आलाच नाही. तिकडून त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, 'मी पळालेलो नाही, हे राजकारण आहे.' जालन्यात तो व्हिडिओ दुकानादुकानांत वाजला आणि लोक त्याच्यावर हसले. मीही हसलो.

माझ्या हसण्याला कारण होतं. मागं घर बांधायला मी याच माणसाकडं कर्ज मागायला गेलो होतो. वर्दीतल्या माणसाला त्यानं पाऊण तास बाकावर बसवलं आणि म्हणाला, 'दोन जामीनदार आणा. नियम म्हणजे नियम.' मी उठून आलो तो परत गेलो नाही. त्यामुळं तपास आर्थिक गुन्हे शाखेत आमच्या साहेबांकडं आला आणि मला मदतीला घेतलं तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुरावा पक्का दिसत होता. ही कर्जं एकाच ठरावानं मंजूर झाली होती. ठराव सभेच्या इतिवृत्ताच्या रजिस्टरात होता. खाली अध्यक्षाची सही, बाकी संचालकांच्या सह्या. सह्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडं पाठवल्या, त्यांचा अहवाल आला, सह्या खऱ्या. संचालकांना एकेक करून बोलावलं. 'ही सही तुमची का?' 'हो, माझी.' 'जा.' संस्थेच्या व्यवस्थापकानं साक्षीदार म्हणून जबाब दिला की अध्यक्षानं दबाव आणून ठराव करून घेतला. लुकआउट नोटीस निघाली. त्याच्या मस्तगडच्या घरावर कोर्टाची नोटीस मी डकवली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली. तेवढं मोठ्यानं वाचायची गरज नव्हती.

अध्यक्षाच्या बायकोला आम्ही दर सोमवारी ठाण्यात बोलवायचो. शांत बाई, पण जिभेला धार. एकदा मी विचारलं, "बाई, मालक कुठं लपलेत ते सांगता का?"

"लपलेत कुठं? रोज मोबाइलवर दिसून राह्यले की. तुम्हालाच तेवढे दिसंना झाले."

"मंग येत का न्हाईत?"

"आल्यावर तुम्ही ऐकून घेणार का, जमादार? तुमचं तर ठरून गेलंय. मुलीचं लगन मोडलं, सोयरे फोन उचलंनात. आता फक्त तुमचा तो कागद कोर्टात जायचा राह्यलाय."

कागद म्हणजे दोषारोपपत्र. त्यात पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं होतं. ते एकदा दाखल झालं की तो फरार आरोपी ठरणार, घर आणि शेत जप्तीत जाणार आणि माणूस पुन्हा जालन्याचं तोंड बघणार नाही. मला हे सगळं कळत होतं. तरी मी तिला म्हणालो, "बाई, सही खोटं बोलत न्हाई."

वरून साहेबांना फोन येत होते. सोमवारी दाखल करायचं ठरलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी मस्तगडला टपरीवर चहा पीत होतो. संस्थेचा म्हातारा शिपाई शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याकडं न बघता, कपावर फुंकर मारत म्हणाला, "जमादार, त्या ठरावाची तारीख बघितली का?"

"बघितली. काय तिला?"

"पुन्हा बघा."

"सरळ सांग ना. साक्ष देतो का?"

"मला दोन वर्षं नोकरी राह्यली, जमादार. मी काय बोललो न्हाई, तुम्ही काय ऐकलं न्हाई. चहाचे पैसे मात्र तुम्ही द्या."

आणि गेला. मी कचेरीत येऊन तारीख दहादा वाचली. तीन वर्षांपूर्वीची. साधा कामाचा वार. संस्थेच्या सुट्ट्यांच्या यादीत बघितलं, सुट्टी नाही. हजेरीपटावर कर्मचारी हजर. साहेब म्हणाले, "जमादार, म्हाताऱ्याला काहीतरी वाटलं असेल. सोडा."

मी सोडणाऱ्यातला नाही. आमच्या घरी बायकोला एक सवय आहे. सिलेंडर कधी लागलं, दुधाचा खाडा कधी, हे ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिते आणि वर्ष संपलं तरी कॅलेंडर फेकत नाही. पत्र्याच्या पेटीत घालून ठेवते. मी पेटी उघडून बसलो, तर ती ओरडली, "आता तिथं कोणता आरोपी लपलाय?"

त्या वर्षाचं कॅलेंडर सापडलं. महिना उलगडला. त्या तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात दोन बैलांचं बारीक चित्र होतं आणि खाली बायकोच्या अक्षरात लिहिलेलं, 'हे आले नाहीत.'

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? पोळा होता. पुरण घालून बसल्ते मी रातीपर्यंत. तुम्ही कुठं त्या बैलांच्या भांडणात अडकल्ते. पाय सुजवून आले दुसऱ्या दिवशी."

मी कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घातलं.

पोळा आम्ही तिथीनं लक्षात ठेवतो आणि फाइली इंग्रजी तारखेनं चालतात. दोन्ही एका ठिकाणी आणून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही, साहेबांच्या आलं नाही, ऑडिटरच्याही आलं नाही. आणि ज्यानं तो ठराव मागाहून लिहिला त्याच्याही आलं नाही.

त्या पोळ्याला मी तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होतो. अध्यक्षाच्या गावात वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची यावरून भावकीत वाद पेटला होता, म्हणून मला बंदोबस्ताला पाठवलं होतं. पहिला मान अध्यक्षाच्या घराचा. एवढ्या मोठ्या संस्थेचा अध्यक्ष, पण त्या दिवशी धोतर नेसून, कासरा धरून स्वतः उभा होता. मी मधे शिरलो तर त्याचा बैल माझ्या पायावर पाय देऊन गेला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, ते महिनोन्‌महिने तसंच होतं.

सकाळची पहिली गाडी धरून मी तालुक्याला गेलो. जुनी स्टेशन डायरी काढायला लावली. माझ्याच वाकड्या अक्षरात नोंद. दुपारी तीनला गावात पोहोचलो, दिवे लागेपर्यंत दोन्ही बाजूंना समजावलं, वाद मिटला. समजावलेल्यांत अध्यक्षाचं नाव, वडिलांच्या नावासकट. नक्कल घेतली. येताना वाटेत एका संचालकाच्या शेतात थांबलो. तो कपाशीत होता.

"काका, पोळ्याच्या दिवशी जालन्याला सभेला गेल्ते का तुम्ही?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोळ्याला? जमादार, डोकं ठिकाणावर हाय का? घरचे बैल सोडून मीटिंगला जातो का कुणी?"

"मंग ठरावावर सही कशी?"

"सहीला कुठं मीटिंग लागती? रजिस्टर घरी येतं. बाजाराला गेलो तर बाजारात येतं. आपण करून टाकतो."

"मंग आधी का न्हाई बोलले?"

"तुम्ही इचारलं, सही तुमची का. मी म्हणलो, हो. मीटिंगचं कुणी इचारलंच न्हाई."

हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

शनिवारी व्यवस्थापकाला बोलावलं. मी उभ्या नोकरीत कुणावर हात उचलला नाही असं खोटं लिहिणार नाही. पण या माणसाला हात लावायचं काम नव्हतं. हा शहरात वाढलेला, इस्त्रीच्या कपड्यातला. साहेब समोर बसले, मी बाजूला. चहा मागवला आणि बारीकसारीक विचारत राहिलो.

"सभा किती वाजता?"

"चारला सुरू. सहाला संपली."

"अध्यक्ष मधे उठून गेले?"

"बिलकुल नाही. शेवटपर्यंत खुर्चीत."

"सगळे संचालक होते?"

"सगळे. बराबर आठवतं मला."

"आठवण चांगली आहे तुमची. त्या दिवशी घरी जेवायला काय होतं?"

तो हसला. "तीन वर्षांपूर्वीचं जेवण कोण सांगणार, जमादार?"

"मी सांगतो. पुरणपोळी."

तो हसतच राहिला. त्याला अजून कळलं नव्हतं. मी कॅलेंडर टेबलावर उलगडलं, त्याच्या शेजारी डायरीची नक्कल ठेवली आणि म्हणालो, "चार वाजता तुमचा अध्यक्ष माझ्या समोर बैलाचा कासरा धरून होता. आता खुर्चीत कोण बसलं होतं ते सांगा."

त्याचा चहा तसाच राहिला. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. निवडणुकीच्या धामधुमीत अध्यक्षाला वेळ नव्हता. व्यवस्थापकानंच रजिस्टर त्याच्या गाडीत नेऊन, मागच्या सभांचं लिहायचं राहिलंय म्हणून, मधे सोडलेल्या कोऱ्या पानांवर सह्या घेतल्या होत्या. बाकीच्यांच्या घरोघरी. पुढं अध्यक्ष परदेशी गेल्यावर त्यातल्या एका पानावर, कर्जं उचलली त्या सुमाराची जुनी तारीख टाकून ठराव लिहिला. लिहायला सांगणारा उपाध्यक्ष, म्हणजे आमचा फिर्यादीच. कर्जाची नावं त्याच्या सालगड्यांची आणि पैसा त्याच्या जिनिंगच्या धंद्यात.

 टाइप झालेलं दोषारोपपत्र साहेबांनी खणात टाकलं. "जमादार, आता मी वर काय सांगू?"

"सांगा, साहेब, पोळा होता."

वर कसं सांगितलं ते मला माहीत नाही. पण साहेब सरळ माणूस निघाले. उपाध्यक्ष आणि व्यवस्थापक अटक झाले. जिनिंग जप्त झालं, ठेवीदारांचं निम्मंशिम्मं तरी हाती लागलं. अध्यक्षाला हायकोर्टातून अटकपूर्व जामीन मिळाला आणि तो आला. जबाबाला माझ्यासमोर बसला तेव्हा निम्मा झालेला होता. पुढं त्याचं नाव आरोपींतून निघालं. कोऱ्या सह्यांबद्दल सहकार खात्याची चौकशी त्याच्यामागं लागली, ती लागायलाच पाहिजे होती.

जबाब संपल्यावर तो म्हणाला, "जमादार, तुमचे आभार कसे मानू?"

"मानू नका. कोऱ्या पानावर सही करणाऱ्याला मी शहाणा म्हणत न्हाई. आणि तुमच्या घरी जे मोठ्यानं वाचलं, त्याची माफीबी मागत न्हाई. ते माझ्याकडून व्हायचं न्हाई."

बाई दाराशी उभी होती. म्हणाली, "राहू द्या. मुलीसाठी दुसरं स्थळ आलंय. साखरपुड्याला या तेवढं."

गेलो. मागच्या रांगेत बसून जेवलो आणि कुणाशी फार न बोलता परत आलो.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. सही बघितली की आपण थांबतो. पण सही फक्त हात कुणाचा ते सांगते. तो कधी चालला, कुठं चालला, समोर कागद लिहिलेला होता का कोरा, हे माणसालाच विचारावं लागतं. आणि ज्या आरोपीचा आपल्याला राग आहे, त्याच्या फाइलीवर दोनदा बसावं. मी अध्यक्षाला वाचवलं असं लोक म्हणतात. ते बराबर नाही. माझ्या हातून एक माणूस जिवंतपणी परागंदा व्हायचा होता, तो झाला नाही. सुटला तो नंतर. आधी मी सुटलो.