म्हातारीची ओंजळ

म्हातारीला मी हैदराबादच्या विमानतळावरच ओळखलं. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके आणि रेटून बोलायचा तोच आवाज. आमच्या सहलीत नांदेड-लातूरकडचीच वीस-बावीस माणसं होती आणि ती मुलगा, सून, नातवंडांबरोबर आली होती. तिनं मला ओळखलं नाही. आडनाव मात्र लगेच विचारलं. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून तिला काही उमगलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझे वडील मुखेडकडचं गाव सोडून तिथल्या कचेरीत कारकून म्हणून लागले. नव्या जिल्ह्यात साहेबांनाच घरं मिळत नव्हती, तिथं कारकुनाला कोण विचारतो? या म्हातारीनं आपल्या घराची मागची खोली भाड्यानं दिली. दोन महिने गोडीत गेले. मग आईनं भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि हिची नजर बदलली. बाहेर काढलं नाही, कारण भाडं वेळेवर मिळत होतं.

पुढे दुष्काळ पडला. मी तेव्हा सात वर्षांची. सगळ्या गल्लीत हिच्याच बोअरला पाणी. इतर भाडेकरू सरळ नळाखाली घागर लावत. आई मात्र घागर जमिनीवर ठेवून बाजूला उभी राही आणि ही तांब्यानं उंचावरून ओती, तांब्या घागरीला लागू नये म्हणून. निम्मं पाणी मातीत जाई. आम्हा पोरांना तहान लागली तर ओंजळ धरायची. तिच्या मनात आलं की धार थांबे. कोपरावरून ओघळलेलं पाणी मी चाटलंय. हे मी विसरलेले नाही आणि मला विसरायचंही नाही.

नवऱ्याला मी विमानातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. पोरं सोबत आहेत." पोरांना आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. सहा वर्षांची लेक, तीन वर्षांचा मुलगा. कळत्या वयाची झाली की सांगू, तोवर 'जात' हा शब्दसुद्धा घरात उच्चारायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. आमच्या आईबापांना ते लपवता आलं नव्हतं, आम्हाला येत होतं. मी नवऱ्यापुढे मान डोलावली. पण डाव मनात शिजतच होता.

चौथ्या दिवशी व्हिएतनामच्या एका खाडीत बोटीवर रात्रीचा मुक्काम होता. पोरं हरखून गेली. मुलगा बिछान्यावर उड्या मारत "घर हलतंय, घर हलतंय" असं ओरडत होता. लेक लाइफ जॅकेट अंगातून काढायलाच तयार नव्हती. ते घालूनच ती धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी खात बसली. लोह्याला आमच्या घरी टँकर दहा दिवसांनी येत होता आणि इथं खिडकीला टेकून पाणीच पाणी.

दुपार कलल्यावर सगळे छोट्या होड्यांतून गुहा पाहायला गेले. नवरा मुलाला घेऊन गेला. लेकीला मळमळत होतं, म्हणून मी तिला वरच्या डेकवर वाऱ्याला आणलं. तिथं म्हातारी एकटीच खुर्चीत बसलेली. तोंड पार उतरलेलं, हातात उलटीची गोळी. सून खोलीची किल्ली घेऊन गेलेली आणि बोटीवरच्या माणसांना हिची भाषा कळेना.

"माय, घोटभर पानी हाय का गं? जीव लई कासावीस होऊन राहिलाय."

माझ्या हातात काचेची भरलेली बाटली होती. देव मी मानत नाही, नाहीतर तिथंच हात जोडले असते.

"हाय की," मी म्हणाले. "ओंजळ धरा."

तिनं गोळी तोंडात टाकून ओंजळ धरली. मी हात उंच केला आणि बारीक धार सोडली. पाणी तिच्या मनगटावरून पदरावर ओघळलं. दोन घोट झाले आणि मी धार तोडली.

म्हातारीनं वर पाहिलं. ती चिडेल, याची मी वाटच बघत होते. ती तर खूश झाली.

"चांगल्या घरची दिसतीस," ती म्हणाली. "परदेशात येऊन बी शिवाशिव पाळतीस. आमची सून बघ, कुनाच्या बी बाटलीला तोंड लावती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं सांभाळलेला सूड आणि ही त्याचं कौतुक करते! मी वाकले, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगितलं, तुमच्या मागच्या खोलीतल्या कारकुनाची मी मुलगी. तसबीर लावणाऱ्या बाईची.

ओठांवरचं पाणी पुसावं की थुंकावं, हे तिला कळेना. मग म्हणाली, "म्हंजे, तू माझा इटाळ मानतीस व्हय?"

"हाव," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. पण गोळी घशात अडकलेली, पाणी तर हवंच होतं. तिनं पुन्हा ओंजळ पुढे केली. मी तसंच उंचावरून ओतलं, बाटली रिकामी होईपर्यंत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

खाली खोलीत लेकीचं तोंड धुवायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, तू त्या आजीला शिक्षा केलीस ना?"

"हो. तुझ्या आजीशी ती फार वाईट वागली होती. तिनं आपल्या आजीला शिक्षा केली होती."

"आपल्या आजीनं काय केलं होतं?"

"काहीच नाही."

"मग शिक्षा कशाची?"

मी नळ बंद केला. तिला बिछान्यावर बसवलं, जॅकेटचे बंद सोडले आणि आपण कोण आणि ती म्हातारी कोण, हे सहा वर्षांच्या पोरीला सांगायला सुरुवात केली. ऐकता ऐकता ती आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून निरखू लागली. तेव्हा मला वाटलं, ती बाटली म्हातारीच्या डोक्यातच घालायला हवी होती.