रुई भरलेलं जाकीट

मोनालीकडे कपडे फार नव्हते. दोन पंजाबी ड्रेस, एक फुलाफुलांचा स्कर्ट, आणि कुणाच्या लग्नाला जायचं तर आईची ठेवणीतली साडी. तरीही दारव्ह्याच्या कॉलेजातल्या मुलींना वाटायचं, बोरी अरबहून येणाऱ्या या पोरीचं कपाट नुसतं ओसंडून वाहत असेल. खरं तर तिच्या घरी कपाटच नव्हतं, भिंतीला बांधलेली एक दोरी होती. पण मोनाली ड्रेस बदलत नसे, ड्रेसवरचं जाकीट बदलत असे. निळ्या ड्रेसवर खाकी जाकीट चढवलं की तो एक ड्रेस. जीन्सचं बिनबाह्यांचं घातलं की तोच ड्रेस दुसरा. ओढणी कमरेला बांधून वर बारीक चौकटीचं घातलं की तिसरा.

खाकी जाकीट तिच्या वडिलांच्या शर्टाचं होतं. गोविंदा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. अधूनमधून घरी येई, तेव्हा त्याच्या शर्टांच्या शिवणींत कोळशाची बारीक भुकटी बसलेली असायची. कितीही पाणी बदललं तरी बादली काळीच. शर्टाची कॉलर फाटली आणि तो त्यानं टाकून दिला, तेव्हा मोनालीनं कॉलर काढली, बाह्या कोपरापर्यंत आणल्या, कमरेला दोन चिमट्या घेतल्या आणि कडेनं काळी पट्टी लावली. काळा रंग तिनं मुद्दामच निवडला होता. जो डाग जाणारच नाही, त्याच्याशी जुळेल असं काही शेजारी ठेवावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाकीचं कापड दारव्ह्याच्या बाजारातून येई. बाजाराच्या दिवशी एक माणूस ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा ढीग ओतायचा. थंड देशांतल्या कुणाकुणाचे कोट, जाकिटं, शाळेचे ब्लेझर. बाकीच्या बाया वरचं रंगीत उचलत. मोनाली हात ढिगाच्या पोटात घाली. आधी काखेतलं कापड चाचपी, मग उलटं करून आतली शिवण पाही, मग खांदा. खांदा मोठा असला तर आत घेता येतो, लहान असला तर त्याचं काहीच होत नाही. रंग ती सगळ्यांत शेवटी पाही. ढीगवाला तिला ओळखून होता. "आली व डॉक्टरीणबाई," म्हणायचा, "तपासा पेशंट."

दारव्ह्यातल्या विमलताईंचं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. त्यांच्याकडे ब्लेझरांचा एक गठ्ठा पडून होता आणि शिलाई मशीनवर बसणारं कुणी नव्हतं. मोनालीच्या अंगावरचं जीन्सचं जाकीट त्यांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं ठीक हाय. पण मले थंडीतलं पाह्यजे. तुह्या हातचं एक बनवून आण रविवारी. पाह्यते, अन् मंग सांगते."

मशीनवरचं काम म्हणजे सावलीतलं काम. आईसारखं वावरात वाकायचं नाही. मोनालीला दुसरं काही नको होतं.

तिनं ढिगातून एक पुरुषाचा कॉर्डरॉयचा कोट काढला, तपकिरी, खांद्यांत ऐसपैस. खांद्यांतल्या गाद्या काढून टाकल्या, पाठ मधोमध कापून अरुंद केली. आत आईच्या जुन्या साडीचं अस्तर लावलं. कापड आणि अस्तराच्या मध्ये रुई भरली. घरातली एक जुनी गादी फाटली होती, तिचीच रुई, गेल्या वर्षी पिंजून घेतलेली. भरलेली रुई खाली घसरू नये म्हणून तिनं सगळ्या जाकिटावर चौकटी टाचल्या. दरवेळी एक चौकट भरायची आणि बंद करायची. जाकीट तयार झालं तेव्हा तिच्या आईनं, सत्यभामेनं, ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि एवढंच म्हणाली, "जड नाही वाटत."

ते साल दोन हजार सहा होतं. वर्तमानपत्रांत यवतमाळचं नाव रोज येई. ते कशासाठी येतं, हे गावात कुणी मोठ्यानं वाचत नसे. कापसाला भाव नव्हता. वेचणीची वावरं कमी होती आणि वेचणारे हात जास्त. सत्यभामेची बायांची टोळी एका मोठ्या मालकाच्या वावरात जाई. मालक यवतमाळला राहत. वावर सांभाळायला उकंडा नावाचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. वेचलेल्या कापसाचं एक गाठोडं आठवडाभरापूर्वी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, नाहीसं झालं होतं. मालक उकंड्याला फोनवर काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण तेव्हापासून तो गाठोड्यांच्या जवळून हलत नव्हता.

वेचणीला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात. बोंडाची टोकं वाळली की हाताला ओरबाडतात. लांबून पाहिलं तर शर्टावरूनच कळतं, कोणत्या ओळीत कोणाची बायको आहे. मोनाली सुट्टीच्या दिवशी टोळीबरोबर जाई, आणि तीही गोविंदाचा शर्ट घाली. त्या शनिवारी मात्र तिनं शर्टावर नवं जाकीट चढवलं. थंडी होती, हे खरं. बायांना ते दाखवायचं होतं, हेही खरं.

"अव सत्यभामा, तुही पोरगी तं गादी पांघरून आली!" सुखीबाई लांबूनच ओरडली. सुखीबाई जवळच्या तांड्यावरची, टोळीत सगळ्यांत वडील. तिच्या जिभेला सगळे भीत आणि तिच्याशिवाय कुणाला करमत नसे.

"गादी नाही मावशी, जाकीट हाय."

"आत काय भरलं मंग?"

"रुई."

"कापसाच्या वावरात रुई घालून आली! छोरी, नदीवर जातानी घागर घरूनच भरून नेतं का कोणी?"

बाया इतक्या हसल्या की धुऱ्यावर बसलेला उकंडा उठून उभा राहिला. हसणं त्याला कळलं. त्यातला 'रुई' हा शब्दही कळला.

ऊन चढल्यावर मोनालीनं जाकीट काढलं आणि बाभळीच्या फांदीला अडकवलं. ती फांदी गाठोड्यांच्या अगदी जवळ होती. तिच्या ते मनातही आलं नाही.

दुपारी वजनाच्या काट्यापाशी सगळ्या जमल्या. मोनालीनं जाकीट खांद्यावर टाकलं, तेव्हा उकंड्यानं हात पुढं केला.

"थे जाकीट दे इकडं. यात काय हाय?"

"जुन्या गादीची रुई. सकाळी सांगतलं न सगळ्याइले."

"सांगतलं म्हणून काय झालं? मले का माईत, सकाळी किती होती अन् आता किती हाय?"

मोनालीनं जाकीट त्याच्या हातात दिलं. "दाबून पाहा उकंडाभाऊ. सरकी लागते का हाताले?"

वावरातला कापूस सरकीसकट असतो, दाबला की बोटांना बिया कळतात. उकंड्यानं दाबून पाहिलं. एक चौकट, दुसरी चौकट. बिया नव्हत्या. तो थोडा घुटमळला. कदाचित त्यानं जाकीट परत दिलंही असतं.

"काहून रे उकंडा," सुखीबाई म्हणाली, "तिच्या जाकिटात जिनिंग बसवली का काय? सरकी इकडं, रुई तिकडं! मशिनीचा आवाज तं आमाले आला नाही बाप्पा!"

बाया पुन्हा हसल्या. उकंड्याचे कान लाल झाले. आता त्याला मागं येता येत नव्हतं.

"तुमाले हसाले काय जाते? मालक मले इचारते. जाकीट उघडून दाखवा. नाही तं उद्यापासून ही टोळी नको. बाहेरगावच्या बाया मिळतेत."

हसणं थांबलं. बाहेरगावच्या बाया खरंच मिळत होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. सुखीबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ती जमिनीकडे पाहू लागली.

"उसव," सत्यभामा म्हणाली.

"आई, उद्या दुकानात..."

"मले माईत हाय. उसव."

उकंड्यानं विळा पुढं केला.

"फाडाचं नाही," मोनाली म्हणाली. "मी उसवीन."

सत्यभामेनं बांगडीतली पिन काढून तिला दिली. मोनाली खाली बसली, जाकीट मांडीवर उलटं घेतलं आणि खालच्या कडेपासून एकेक टाका उचलू लागली. पिनेनं टाका वर घ्यायचा, दोरा ओढायचा, पुढचा टाका. बाया भोवती उभ्या होत्या. कुणी शिदोरी सोडली नाही. पहिली चौकट उघडली. आतून पिवळसर, दबलेली रुई निघाली. तिनं ती बाजूला गाठोडं बांधायला पसरलेल्या जुन्या धोतरावर ठेवली.

"वरचीबी," उकंडा म्हणाला.

तिनं वरची उघडली. मग तिच्या शेजारची. धोतरावर रुईचा लहानसा ढीग झाला. त्याच्यापलीकडे वेचलेला कापूस पडला होता, डोळ्यांना टोचेल इतका पांढरा. दोन्हींतला फरक सांगायला कुणाची गरज नव्हती.

"पुरे झालं," उकंडा म्हणाला. "बंद कर."

मोनालीनं मान वर केली नाही. "नाही उकंडाभाऊ. मंग कोणी म्हणीन, पाठीत रायलं होतं. सगळंच पाहा."

"म्या म्हटलं न पुरे."

"तुमी नाही म्हणसान. दुसरं कोणी म्हणीन."

ती उसवत राहिली. पाठ झाली, खांदा झाला. उकंडा एकदा काट्याकडे गेला, परत आला, तंबाखू मळली आणि न खाता टाकून दिली. सत्यभामा पोरीच्या हातांकडे पाहत होती. शेवटची चौकट उघडली तेव्हा कोट आणि अस्तर वेगवेगळे झाले होते आणि मोनालीच्या मांडीवर नुसतं रिकामं कापड होतं.

उकंड्यानं माफी मागितली नाही. वजन करताना मात्र तो बाजूला सरकला आणि काटा सत्यभामेला पाहू दिला. वाटेनं परतताना सुखीबाईनं मोनालीच्या हातातलं रुईचं गाठोडं मागून घेतलं आणि घरापर्यंत स्वतः आणलं. "माह्या तोंडाले हाड नाही छोरी," म्हणाली.

घरी आल्यावर मोनाली लगेच घरातल्या जुन्या मशीनवर बसली. रुई न भरता नुसतं अस्तर लावता आलं असतं. पण कोट भरण्याच्या अंदाजानं कापला होता, रिकामा तो खांद्यावरून ओघळत होता. मग तिनं जुनीच रुई भरली. उचललेल्या टाक्यांची भोकं कॉर्डरॉयवर तशीच राहिली होती. ती जुन्या भोकांवरूनच शिवत गेली. काही ठिकाणी सुई नेमकी बसली, काही ठिकाणी शेजारून गेली. लांबून दिसत नव्हतं. जवळून दिसत होतं.

रविवारी विमलताईंनी जाकीट हातात घेतलं आणि सगळ्यांत आधी उलटं केलं. शिवणकाम जाणणारा माणूस आधी आतली बाजू पाहतो. त्यांनी बोट शिवणीवरून फिरवत नेलं.

"दोनदा शिवलं?"

"हो."

"चुकलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. नवी मुलगी आहे, चुकलं असेल, उसवून पुन्हा केलं. त्यात कुणाला वावगं वाटलं नसतं. मोनाली काउंटरच्या कडेला हात ठेवून उभी राहिली.

"नाही ताई. चुकलं नव्हतं," ती म्हणाली, आणि वावरातलं सगळं थोडक्यात सांगितलं. उकंड्याचं नाव घेतलं नाही. मालकांचं घ्यावं लागलं, कारण विमलताईंनी विचारलं. मालकांच्या घरच्या बाया याच दुकानातून खरेदी करत.

विमलताई बराच वेळ जाकिटाची घडी घालत राहिल्या. घालून पुन्हा उघडली.

"घाल पाहू."

मोनालीनं घातलं. त्यांनी तिला दारातल्या उन्हात उभं केलं, मागून पाहिलं, बाही वर-खाली करायला लावली.

"खांदा चांगला बसवला," त्या म्हणाल्या. मग आवाज थोडा उतरवून, "पाह्य पोरी, मले तुह्यावर शंका नाही. पण दुकान हाय. गिऱ्हाइकाचं कापड पडलं असते, माणसं येते-जाते. उद्यापासून ये. फक्त आत काही भराचं नाही. रिकामी जाकिटं शिवत जाय."

"अन् थंडीत?"

"थंडीत लोक आतून सेटर घालतेत."

मोनालीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. बोरी अरबच्या जीपवाल्यानं आवाज द्यायला सुरुवात केली होती.

"अस्तर चालीन?" तिनं विचारलं.

"अस्तर चालीन."

दुसऱ्या दिवशी सत्यभामा वेचणीला गेली आणि मोनाली कॉलेज सुटल्यावर दुकानातल्या मशीनवर बसली. त्या हिवाळ्यात विमलताईंच्या दुकानातून गेलेली जाकिटं दिसायला चांगली होती, खांद्यावर नीट बसत आणि लोक ती हौसेनं नेत. थंडी मात्र त्यांनी अडत नसे.