गाऱ्हाण्यातला बोल्शेविक

मिठाचा सत्याग्रह झाला त्या वर्षी, शिमग्याआधीच्या गावबैठकीत, अन्याय माझ्यावर झाला. म्हणून आजही कुठे नारळ फुटून कापराचा वास आला की मी आधी माणसांचे चेहरे तपासतो. मी एवढेच म्हणालो होतो, की पलीकडच्या वाडीतल्या ज्या बायांना आपण शिवू देत नाही, त्यांनाही उन्हाळाभर देवळाची विहीर खुली करा. खोत पान चघळत हसले. "काय रे, मुंबईच्या गिरणीत गेलास नि बोल्शेविक होऊन आलास? आज विहीर, उद्या आमच्या जमिनी!" "जमिनीचं कोण बोललंय? मी पाण्याचं बोलतोय." "ऐकलंत? बोलत नाही, म्हणजे मनात आहे!" मंडळी खिदळली. मग खोत गुरवाच्या कानाला लागले, तेव्हाच मला शंका आली. गुरवाने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणे घातले: पीक येऊ दे, मुंबईची पोरं सुखात ठेव, आणि त्याच सुरात, "ह्या बोल्शेविक झालेल्या लेकराला सुबुद्धी दे रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. सगळी बैठक एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!" त्यात माझ्या बापाचाही आवाज होता. त्या दिवसापासून माझे नावच बोल्शेविक पडले, आणि बोल्शेविकाची विहीर कोण उघडतो? त्या बायांना ती अजून बंद आहे. येत्या शिमग्यात तुमच्याही गावात बैठक भरेल, नारळ उचलला जाईल. "होय" म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा आधी उभे राहा आणि मोठ्याने विचारा, विहिरीचे काय?